घाटातला पाऊस आणि एक्स-बँड रडार: पर्जन्यमापकाशी आकडे का जुळत नाहीत?

घाटमाथा_७

सह्याद्रीच्या धारेला लागून, पूर्वेकडच्या एका डोंगरावर बसवलेल्या ड्युअल-पोल (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ध्रुवणांत लहरी सोडणाऱ्या) एक्स-बँड (३ सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरीच्या) रडारचा जुलै महिन्याचा डेटा अभ्यासाला घेतला आहे. वारंवारता ९.४ गिगाहर्ट्झ, बीमची रुंदी १ अंश, गेट (किरणावरचे मोजणीचे तुकडे) ७५ मीटरचे, रडारची जागा समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर. सर्वांत खालचा फेरा क्षितिजाच्या ०.५ अंश वरचा. पीआरएफ (सेकंदाला सोडलेल्या स्पंदांची संख्या) १०००. एक व्हॉल्यूम (सगळ्या कोनांच्या फेऱ्यांचा संच) ६ मिनिटांत पूर्ण होतो.

अडचण अशी. पश्चिमेला ४० किलोमीटरवर, कोकणाच्या उतारावर, एक टिपिंग बकेट पर्जन्यमापक आहे. जोराची सर चालू असताना तो ताशी ३० मि.मी.चा दर दाखवतो, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या गेटमध्ये ३२ डीबीझेड (परावर्तकता, म्हणजे झेड, डेसिबलमध्ये) दिसतात. मार्शल-पामरच्या सूत्रात (झेड = २०० × आरचा १.६ वा घात; आर म्हणजे पावसाचा ताशी दर) घातलं की हाती येतात ताशी ३.६ मि.मी. म्हणजे आठपट फरक. रिमझिम असते तेव्हा मात्र दोन्ही आकडे बऱ्यापैकी जवळ येतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सूत्र बदलून भागेल का? क्षीणनाची (वाटेतल्या पावसात सिग्नल कमी होतो त्याची) दुरुस्ती नेमकी कोणत्या क्रमाने करायची? आणि याच डेटातून ढगांबद्दल (माथा किती उंच, पाऊस कोणत्या थरात वाढतो) काही सांगता येईल का?

डेसिबल

सूत्र बदलून भागणार नाही, आणि हे तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. उष्णकटिबंधीय पावसासाठी वापरतात ते सूत्र (झेड = २५० × आरचा १.२ वा घात) लावून बघा: ३२ डीबीझेडला ताशी ४.७ मि.मी. येतात. म्हणजे आठपटीचा फरक साडेसहापटीवर आला, एवढंच. खरी गळती झेडमध्येच आहे. तिला हात न लावता सूत्राचे गुणांक ताणून मापकाशी जुळवलेत, तर रिमझिम पावसात तेच गुणांक भलतंच सांगतील.

रिमझिमीत जुळतं आणि जोराच्या सरीत बिघडतं, हे क्षीणनाचं लक्षण आहे. ३.२ सेंटिमीटरच्या लहरीला ताशी ५० मि.मी.च्या पावसात दर किलोमीटरला सव्वा डीबीच्या आसपास मार बसतो, तोही फक्त जाताना. जाऊन येऊन अडीच डीबी. अशा पावसाचा १० किलोमीटरचा पट्टा मध्ये आला तर २५ डीबी गेले. १० सेंटिमीटरच्या एस-बँडला त्याच पावसात हा तोटा जवळजवळ जाणवत नाही. म्हणूनच दूरवर नजर ठेवायची रडारं एस-बँडची असतात आणि एक्स-बँड ५०–६० किलोमीटरच्या आत, बारकाईसाठी वापरतात.

तुमच्याकडे ड्युअल-पोल आहे, हे बरं झालं. फायडीपी, म्हणजे आडव्या आणि उभ्या ध्रुवणातला फेज-फरक, क्षीणनाने बिघडत नाही. सिग्नल गोंगाटाच्या वर आहे तोवर फेज खरी सांगते. एक्स-बँडला फायडीपीच्या दर अंशामागे झेडमध्ये साधारण ०.२८ डीबीची दुतर्फा घट धरतात. तापमान आणि थेंबांच्या आकारानुसार ०.२५ ते ०.३५ पर्यंत हलते. रडारपासून मापकापर्यंतच्या किरणावर फायडीपी किती चढलाय ते आधी बघा. समजा ३० अंश चढला असेल, तर ८.४ डीबी परत मिळवायचे आहेत. ३२ चे ४०.४ झाले. मार्शल-पामरने आता १२ मि.मी., उष्णकटिबंधीय सूत्राने २३. आठपटीचा फरक सव्वापटीवर आला. उरलेल्याचं कारण बीमच्या उंचीत असणार.

झेडडीआरलाही (आडव्या आणि उभ्या ध्रुवणातल्या झेडच्या फरकाला) मार बसतो, पण कमी: ३० अंशांना १ डीबीच्या आसपास. ती दुरुस्तीही त्याच वेळी करा. झेडडीआर एरवी ० ते ३ डीबीतच फिरतो, तिथे १ डीबी म्हणजे मोठी चूक.

आणि जिथे सिग्नल गोंगाटाखाली गेला, तिथे कोणतीही दुरुस्ती काही परत आणू शकत नाही. ते गेट 'डेटा नाही' म्हणून नोंदवा. तिथे शून्य पाऊस लिहिला गेला की महिन्याची सगळी बेरीज बिघडते, आणि नेमकी सर्वांत मोठ्या सरींच्या मागे बिघडते.

पागोळी

उंचीचा हिशेब मांडते. बीमची उंची = अंतर × कोनाचा साइन, अधिक अंतराचा वर्ग भागिले १७०००, सगळं किलोमीटरमध्ये. ४० किलोमीटरला ०.५ अंशावर: ०.३५ + ०.०९ = ०.४४ किलोमीटर. त्यात रडारचे १.३ मिळवा. बीमचा मध्य समुद्रसपाटीपासून पावणेदोन किलोमीटरवर येतो, आणि तिथे बीम स्वतः ७०० मीटर जाड आहे. मापक कोकणाच्या पायथ्याशी १०० मीटरवर असेल, तर मधल्या दीड-पावणेदोन किलोमीटरमध्ये काय घडतंय ते रडारला दिसतच नाही.

घाटात नेमका तिथेच पाऊस वाढतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा उतारावर चढते, खालच्या थरात दाट ढग धरतो, आणि वरून पडणारे थेंब त्या ढगातलं पाणी वेचत मोठे होतात. डोंगरमाथ्यावरचं रडार या वाढीच्या वरून बघतं. रडारच्या प्रणालीत उणे कोन देता येत असेल तर पश्चिमेकडच्या पट्ट्यासाठी उणे ०.५ अंशाचा एक फेरा मागून घ्या. जमिनीचे प्रतिध्वनी वाढतील, पण नुसत्या ०.५ वर विसंबण्यापेक्षा ते परवडतं.

दुसरं म्हणजे वारा. २ किलोमीटरवरून सेकंदाला ६ मीटर वेगाने पडणाऱ्या थेंबाला खाली यायला साडेपाच मिनिटं लागतात. मान्सूनच्या जोरात खालच्या थरातला पश्चिमेचा वारा सेकंदाला १५ मीटर सहज असतो. तेवढ्या वेळात थेंब ५ किलोमीटर पूर्वेला सरकतो. तेव्हा मापकावर पडणारा पाऊस त्याच्या डोक्यावरच्या गेटमधला नाहीच, पश्चिमेकडच्या ६०–७० गेटांपलीकडचा आहे, आणि एक व्हॉल्यूम आधीचा. ७५ मीटरच्या गेटचं कौतुक इथे संपतं. थेट डोक्यावरचा गेट घेऊन केलेली तुलना म्हणजे दोन वेगवेगळ्या सरींची तुलना.

मापकाकडेही संशयाने बघा. २०० मि.मी. व्यासाच्या मापकाचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर. तुमचा एक गेट ४० किलोमीटरवर ७०० × ७५ मीटर, म्हणजे मापकाच्या सुमारे १७ लाख पट. मिनिटाच्या किंवा ६ मिनिटांच्या आकड्यांची जुळवणी करू नका. तासाची बेरीज घ्या आणि वाऱ्याने सरकवलेल्या जागेभोवतीच्या काही गेटांची सरासरी काढा. टिपिंग बकेट धो-धो पावसात कमी मोजतं, कारण बादली उलटते त्या क्षणी पडणारं पाणी हिशेबात येत नाही. घाटमाथ्यावर वारा थेंब तोंडावरून उडवून नेतो तो तोटा वेगळा. गाळणीत पालापाचोळा अडकला असेल तर आलेख ओळखू येतो: सर संपल्यावरही तासभर सारख्या अंतराने टिप पडत राहतात.

घाटमाथा_७

दोघांचेही आभार. मधल्या किरणांवर फायडीपी २५ ते ३५ अंश चढतोय, म्हणजे ८ डीबीचा अंदाज जवळचा आहे. आता दोन गोष्टी अडल्यात. फायडीपी फार खरखरीत आहे, मध्येच उलटा उतरतो, आणि त्यातून काढलेला केडीपी (फायडीपी दर किलोमीटरला किती चढतो तो आकडा) बऱ्याच ठिकाणी उणे येतो. आणि महिन्याचा नकाशा काढला की रडारच्या बरोबर उत्तरेला आणि दक्षिणेला पावसाची कमतरता असलेल्या दोन पाचरी दिसतात. तिकडे आड येणारा डोंगर नाही.

डेसिबल

आधी पाचरी. क्लटर फिल्टर (जमिनीचे प्रतिध्वनी गाळणारा) शून्य वेगाजवळचं सगळं कापतो, कारण डोंगर हलत नाही. पण वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे असताना उत्तर आणि दक्षिण दिशांना पाऊसही रडारच्या दृष्टीने थांबलेलाच असतो. तो ना जवळ येतो ना दूर जातो. फिल्टर त्यालाही डोंगर समजतो. फिल्टरची रुंदी कमी करा, किंवा स्पेक्ट्रमवर चालणारा, कापलेली जागा भरून काढणारा फिल्टर (जीमॅप) मिळत असेल तर तो वापरा. कच्चा आयक्यू डेटा (रडारने मुळात टिपलेला सिग्नल) जपलेला नसेल तर गेलेला पाऊस परत येत नाही. मग त्या दिशांना फिल्टर न लावलेला झेड घ्या आणि क्लटर रोएचव्ही (दोन्ही ध्रुवणांचे प्रतिध्वनी किती मिळतेजुळते आहेत तो आकडा) व फायडीपीच्या खरखरीवरून ओळखा.

त्याच ओघात वेगाचंही सांगतो. १००० पीआरएफला तुमची नायक्विस्ट मर्यादा (याहून जास्त वेग रडार दुमडून, चुकीचा दाखवतं) लहर × पीआरएफ ÷ ४, म्हणजे सेकंदाला ८ मीटर. मान्सूनचा वारा याच्या दुप्पट. त्यामुळे पूर्व-पश्चिम दिशांचा वेग दुमडलेला असणारच. ८०० आणि १००० अशा दुहेरी पीआरएफने मर्यादा ३२ पर्यंत जाते, पण मग जागोजागी एकेकटे चुकीचे गेट उगवतात. ते मीडियन फिल्टरने पुसायचे.

आता क्रम. पहिल्यांदा गोंगाट आणि क्लटर काढा: सिग्नल-गोंगाट गुणोत्तराची मर्यादा, रोएचव्ही ०.८५ च्या खालचे गेट बाद, फायडीपीची खरखर जास्त असेल तर बाद. मात्र कमी सिग्नलमध्ये रोएचव्ही आपोआपच घसरतो. गोंगाटाची भरपाई न करता ही चाळणी लावलीत तर सरीच्या मागचा क्षीण पण खरा पाऊस उडून जाईल, आणि तुमचा अभ्यास त्याच पावसाचा आहे. मग फायडीपी ३६० किंवा १८० अंशांना गुंडाळला असेल तर उलगडा, आणि प्रणालीचा मुळातला ऑफसेट वजा करा. ऑफसेट पावसाच्या पहिल्या काही गेटांवरून, दिशेदिशेला तपासून घ्या. रोटरी जॉइंटमुळे तो दिशेनुसार थोडा बदलू शकतो. त्यानंतर गुळगुळीत करणं, केडीपी काढणं, क्षीणनाची दुरुस्ती, आणि सर्वांत शेवटी पाऊस.

मध्येच उतरणारा फायडीपी बहुतेकदा मोठ्या थेंबांमुळे. एक्स-बँडला साधारण अडीच-तीन मि.मी.च्या वरचे थेंब परत येताना स्वतःची फेज मिसळतात, त्यामुळे सरीच्या गाभ्यात फायडीपीला कुबड येतं आणि पुढे ते उतरतं. त्या उतारावर केडीपी उणे येणार. अनेक फेऱ्यांत चालणारे फिल्टर हे कुबड बाजूला काढतात. पाय-आर्ट आणि डब्ल्यू-राडलिब या दोन्ही मुक्त पायथन संग्रहांत केडीपी काढायच्या तयार पद्धती आहेत, पाय-आर्टमध्ये झेड-फाय क्षीणन-दुरुस्तीही आहे. दोन वेगळ्या पद्धतींनी काढून बघा. जिथे दोन्हींत मोठा फरक पडतो तिथला डेटाच कच्चा आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून वापरा: केडीपी हा उतार आहे, आणि उतार काढायला २ ते ४ किलोमीटरची खिडकी लागते. गेट ७५ मीटरचा असला तरी केडीपीवरून काढलेल्या पावसाचं विभेदन किरणाच्या दिशेने २ किलोमीटरच. नकाशा ७५ मीटरच्या चौकटींत रंगवला म्हणून तो तेवढा बारीक होत नाही.

थेंबमोज

पावसाच्या सूत्राबद्दल. सह्याद्रीच्या वाऱ्याकडच्या उतारावर आणि माथ्यावर बारीक थेंब पुष्कळ असतात. महाबळेश्वरला आयआयटीएमची (पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची) उंचावरची ढग-भौतिकी प्रयोगशाळा आहे, तिथल्या डिस्ड्रोमीटरच्या (थेंबांचे आकार मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदींवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसतं. झेड थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर चालतो आणि पावसाचा दर साडेतीनव्या घाताच्या जवळपास. त्यामुळे बारीक थेंबांचा पाऊस झेडमध्ये दुबळा दिसतो आणि जमिनीवर मात्र भरपूर पडतो. ४० डीबीझेडला मार्शल-पामर ११.५ मि.मी. देतं, अमेरिकेतल्या वादळी पावसाचं नेहमीचं सूत्र (३०० आणि १.४) १२ देतं, उष्णकटिबंधीय २१.६. घाटमाथ्याला शेवटचं जवळ जातं. पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत थेंब मोठे आणि संख्येने कमी, तिथे हेच सूत्र पाऊस फुगवून दाखवेल. एकच सूत्र वाईपासून पोलादपूरपर्यंत लावू नका.

जोराच्या पावसात केडीपीवरून काढलेला दर जास्त भरवशाचा. एक्स-बँडसाठी दर = १५ ते २० × केडीपीचा ०.८ वा घात अशी सूत्रं आहेत. १७ धरलं तर २ अंश प्रति किलोमीटरला ताशी ३० मि.मी. क्षीणन, अर्धवट अडलेला बीम, झेडच्या कॅलिब्रेशनमधली चूक, यांचा केडीपीवर परिणाम होत नाही. पण बारीक थेंब गोल असतात आणि गोल थेंब फेजमध्ये फरक पाडत नाहीत. तेव्हा केडीपी ०.३ च्या खाली किंवा झेड ३० च्या खाली असेल तर दुरुस्त केलेला झेड वापरा, वर गेला की केडीपी. मधल्या पट्ट्यात दोन्हींचं भारित मिश्रण करा, नाहीतर नकाशावर पायरी दिसते.

कॅलिब्रेशन तपासलंय का? ३ डीबीची चूक उष्णकटिबंधीय सूत्रात पावसाला पावणेदोन पटीने चुकवते. झेडडीआर तपासायला हलक्या पावसात अँटेना सरळ आकाशाकडे करून पूर्ण ३६० अंश फिरवा. खालून पाहिलेला थेंब गोलच दिसतो, म्हणून सरासरी झेडडीआर शून्य यायला हवा. जे उरेल ते रडारचं. पहिल्या किलोमीटरभराचे गेट या हिशेबात धरू नका. झेडसाठी जीपीएम उपग्रहाच्या रडारशी तुलना करता येते, त्याची १३.६ गिगाहर्ट्झची लहर वेगळी आहे, तो फरक आधी वजा करा आणि मध्ये क्षीणन झालेले किरण वगळा.

पागोळी

ओल्या रेडोमचं राहिलं. सर रडारवरच कोसळते तेव्हा घुमटावर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि एक्स-बँडचे काही डीबी तिथेच जातात. फायडीपीला हे कळत नाही, त्यामुळे वरची दुरुस्ती इथे लागू पडत नाही. ओळखायचं असं: सगळ्या दिशांचा झेड एकाच फेऱ्यात खाली जातो, आणि एखाद्या ओळखीच्या टॉवरचा किंवा कड्याचा प्रतिध्वनीही तेवढाच उतरतो. असे दोन-तीन कायमचे प्रतिध्वनी फिल्टर न लावता नोंदवत चला. कोरड्या दिवसांत तेच कॅलिब्रेशन सरकतंय का तेही सांगतात. रडारशेजारी एक मापक असेल तर फारच सोयीचं.

निंबोस्ट्रॅटस

ढगांच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून.

एक्स-बँडला ढग जवळजवळ दिसत नाही, पाऊस दिसतो. एका घनसेंटिमीटरला १०० थेंबुकले, प्रत्येकाचा व्यास २० मायक्रॉन, असा ढग घ्या. घनमीटरला १० कोटी थेंबुकले, पाणी ०.४ ग्रॅम. झेड येतो उणे २२ डीबीझेड. आता त्याच घनमीटरात २ मि.मी.चा एकच थेंब टाका. त्याचं वजन ४ मिलिग्रॅम, ढगातल्या पाण्याचा शंभरावा भाग. पण त्याचा झेड १८ डीबीझेड, म्हणजे संपूर्ण ढगाच्या दहा हजारपट. हा एक थेंब आत असला की रडारला बाकीचे १० कोटी असून नसल्यासारखे.

ढगासाठी केए-बँड लागतो: ३५ गिगाहर्ट्झ, लहर साडेआठ मि.मी. तो जवळच्या अंतरावर उणे ३० डीबीझेडच्या आसपासचं टिपतो. आयआयटीएमने मंढरदेवला एक्स आणि केए अशी दोन्ही रडारं वापरली ती याचसाठी. केएने पाऊस सुरू होण्याआधीचा ढग बघायचा, आणि पाऊस जोर धरून केए त्यातच अडकला की एक्सकडे वळायचं. दोन्हींच्या झेडमधला फरकही कामाचा असतो: हलक्या पावसात तो मुख्यतः क्षीणनाचा असतो आणि त्यावरून मधल्या पाण्याचा अंदाज बांधता येतो.

नुसत्या एक्समधून काय मिळेल? प्रतिध्वनीचा माथा मिळेल. मात्र तो ढगाच्या माथ्यापेक्षा खालीच असतो, आणि किती डीबीझेडची सीमा धरली ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मान्सूनमध्ये शून्य अंशाची पातळी ५ किलोमीटरच्या थोडी वर असते. घाटात प्रतिध्वनीचा माथा त्याखाली असलेल्या सरी पुष्कळ मिळतील. तो बर्फाविना तयार झालेला उबदार पाऊस. त्यांचं वेगळं वर्गीकरण करा, कारण वरची थेंबमोज यांनी सांगितलेली बारीक थेंबांची गोष्ट मुख्यतः यांचीच आहे.

थर बघायचे तर आरएचआय फेरे हवेत, म्हणजे दिशा पक्की धरून अँटेना खालून वर. व्हॉल्यूममधून काढलेल्या उभ्या छेदात कोनांमधल्या फटी राहतात. ४० किलोमीटरवर २ अंशांची फट म्हणजे १.४ किलोमीटर, तेवढ्यात वितळणारा थर पूर्ण हरवतो. पश्चिम-पूर्व रेषेवर दर व्हॉल्यूममागे एक आरएचआय घेतला तर कोकण, माथा आणि पर्जन्यछाया एकाच चित्रात येतात. वितळणारा थर ४.५–५ किलोमीटरच्या आसपास, ३००–५०० मीटर जाडीचा पट्टा म्हणून दिसेल: झेड वाढलेला, रोएचव्ही ०.९५ च्या खाली उतरलेला. त्या पट्ट्यातला झेड पावसाच्या सूत्रात कधीही घालू नका, पाऊस फुगतो. रोएचव्हीवरून पट्टा ओळखणं झेडवरून ओळखण्यापेक्षा सोपं.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची मॅक्स-झेड चित्रं तुलनेला घ्याल तर हेच लक्षात असू द्या. मॅक्स-झेड प्रत्येक जागी सगळ्या उंचींमधला सर्वांत मोठा झेड दाखवतं, त्यात वितळणारा थर आणि जमिनीपर्यंत न पोचलेला पाऊसही येतो. तुलना करायचीच तर पीपीआय-झेड (एकाच कोनाच्या फेऱ्यातला झेड) किंवा एसआरआय (जमिनीजवळच्या पावसाचा दर) घ्या.

घाटमाथा_७

आरएचआय नाहीत, पण ऑगस्टच्या फेऱ्यांत बसवता येतील असं दिसतंय. पद्धतीचा सराव करायला दुसरा कच्चा डेटा कुठे मिळेल?

थेंबमोज

अमेरिकेच्या नेक्सरॅड जाळ्याचा कच्चा डेटा मोफत उतरवता येतो, पाय-आर्ट तो थेट वाचतं. तो एस-बँडचा आहे, त्यामुळे क्षीणनाचा सराव होणार नाही, पण क्लटर, वेग उलगडणं आणि केडीपी यांचा हात बसेल. भारतातला डेटा मोसडॅकवर (इस्रोच्या हवामान-डेटाच्या संकेतस्थळावर) नोंदणी करून बघा. इस्रोच्या थुंबा आणि चेरापुंजीच्या रडारचा तिथे असतो. थुंब्याचं सी-बँड आहे आणि जागा पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाजवळची, मान्सूनचा पाऊस तोच. सी-बँडला फायडीपीच्या दर अंशामागचा गुणांक ०.२८ ऐवजी ०.०८ च्या आसपास घ्यायचा. आणि ५.६ गिगाहर्ट्झच्या शेजारी वाय-फाय असल्यामुळे सी-बँडच्या चित्रात एखाद्या दिशेला केंद्रापासून कडेपर्यंत सरळ रेघ उठलेली दिसू शकते; ती आधी पुसा, नाहीतर बेरजेत पाऊस म्हणून धरली जाईल.